शून्य रुपयांचं बिल

विजेच्या बिलाचा फोटो काढून तुम्ही कधी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाय का? मी टाकलाय. २०२५ च्या एप्रिलमध्ये. भरायची रक्कम होती शून्य. अर्ध्या तासात पुण्याच्या नणंदेपासून इंदूरच्या मामेसासऱ्यांपर्यंत सगळ्यांचे अंगठे आले. "आम्हालाही सांगा कसं करायचं ते!" असे चार-पाच फोनही आले. दोन दिवस मी अगदी हवेत होते.

त्यानंतरच्या बिलाचा फोटो मात्र मी कुणालाच पाठवला नाही. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते.

आम्ही वडोदऱ्याचे. सासरची चौथी पिढी इथे आहे. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि गच्चीला आम्हीही इथल्यासारखं 'धाबं'च म्हणतो. आमचं बैठं घर आहे, त्यामुळे धाबं आमच्या एकट्याचं. 'पीएम सूर्य घर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली आणि नवऱ्याने कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान. बाकीचे पैसे आपले. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. उन्हाळ्यात दोन महिन्यांचं बिल साडेचार-पाच हजारांवर जाणाऱ्या आमच्यासारख्या घराला हे पटायला वेळ लागला नाही.

वेळ लागला तो सासूबाईंना. "माझं वाळवण कुठे घालू?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पापड, कुरडया, सांडगे, वर्षभराच्या मिरच्या, सगळं धाब्यावर. माझ्या मुलाचा प्रश्न वेगळा होता: "उत्तरायणला पतंग कुठून उडवायचे?" इथे चौदा जानेवारीला घरात कुणी सापडत नाही, सगळं शहर धाब्यावर असतं. शेवटी तह झाला. उत्तरायण होऊ द्यायचं, मग पॅनल बसवायचे. आणि पॅनल उत्तरेकडच्या अर्ध्या भागात, दक्षिणेकडे तोंड करून. आपल्याकडे सावली बहुतेक वर्षभर उत्तरेला पडते, म्हणून दक्षिणेकडची पट्टी उन्हात मोकळी राहते. बसवायला आलेल्या मुलाने हे समजावलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढं मलाही ठाऊक आहे. पन्नास वर्षं पापड वाळवतेय मी."

फेब्रुवारी-मार्च झकास गेले. थंडी ओसरलेली, एसी अजून सुरू नाही, आकाश निरभ्र. बिल शून्य. फोटो त्याचाच.

मधे एक गंमत झाली. मार्चमधल्या एका दुपारी गल्लीतली वीज गेली आणि आमचाही पंखा थांबला. शेजारचे काका ओट्यावरून ओरडले, "काय हो, सोलरवाल्यांकडेही वीज नाही?" सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. डोक्यावर एवढं ऊन तळपतंय आणि खाली आपण हातपंखा घेऊन बसलोय! मी बसवणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बेन, बिघाड नाही, ते तसंच असतं." बॅटरी नसलेली, लाइनला जोडलेली सोलर यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपणहून बंद होते. कारण साधं आहे. लाइन बंद समजून वायरमन खांबावर चढतो. त्या वेळी आपल्या धाब्यावरून तारेत वीज जात राहिली तर त्याच्या जिवावर बेतेल.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बरोबरच आहे. खांबावर कुणाचा तरी मुलगा चढलेला असतो." आणि हातपंखा हलवत राहिल्या.

तुम्ही सोलरचा विचार करत असाल तर एवढं आधीच लक्षात घ्या. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीवाली यंत्रणा लागते आणि तिचा खर्च बराच जास्त असतो.

आता त्या दुसऱ्या बिलाकडे येते.

एप्रिल आणि मेचं बिल जूनमध्ये आलं. दोन हजार तीनशे रुपये! नवऱ्याने लगेच निष्कर्ष काढला, "पॅनल खराब निघाले." मला तर आणखीच आश्चर्य वाटलं. मे महिन्यात वडोदऱ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापमान. एवढ्या उन्हात तर वीज नुसती वाहायला हवी!

पुन्हा तोच मुलगा आला. पॅनल बघितले, पुसले, मोबाइलवर आकडे काढले. मग माझ्यासमोर बसून त्याने दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली ही, की पॅनलला उजेड लागतो, उष्णता नाही. काच आणि सिलिकॉन तापले की वीज थोडी कमी होते, पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के. कडक उन्हात पॅनलचं स्वतःचं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं. म्हणून मेमधल्या भाजून काढणाऱ्या दुपारपेक्षा फेब्रुवारी-मार्चमधली स्वच्छ, थंड दुपार पॅनलला मानवते. त्यात धुळीचा थर. तरीही दोन महिन्यांत आमच्या पॅनलनी ७४२ युनिट दिले होते. म्हणजे त्यांचं काम चोख होतं.

दुसरी गोष्ट सांगताना तो जरा अडखळला. "बेन, मागच्या वर्षी याच दोन महिन्यांत तुम्ही ६४० युनिट वापरले होते. या वर्षी १,०७०."

मी गप्प झाले. मागच्या वर्षीइतकीच वीज वापरली असती, तर बिल शून्यच आलं असतं, वर शंभर युनिट उरले असते. खराब पॅनल झाले नव्हते. सवयी आमच्या झाल्या होत्या.

आठवायला लागले तसं एकेक समोर येत गेलं. आधी रात्री एकाच खोलीत एसी लागायचा, उन्हाळ्यात सगळे तिथेच गाद्या घालून झोपायचो. सोलर आल्यावर मुलाच्या खोलीत दुसरा एसी आला. तो अठरावर लावून मुलगा वर गोधडी घेऊन झोपायचा. गीझर सकाळी सुरू केला की दुपारी कुणाच्या तरी लक्षात यायचा. रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहायचा आणि टोकलं की उत्तर तयार असायचं: "फुकट आहे ना आता!"

हे वाक्य मीही म्हणाले होते. आणि कुणाला, ते आठवलं तेव्हा जास्त वाईट वाटलं.

सासूबाईंना खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची सवय आहे. आयुष्यभराची. आम्ही खोलीत असतानाही त्या कधी कधी दिवा घालवून जातात, आणि आम्ही "आई, आम्ही आहोत इथे!" म्हणून ओरडतो. सोलर आल्यावर एकदा त्यांनी असाच पंखा बंद केला आणि मी म्हटलं, "असू द्या हो आई, आता फुकट आहे. कशाला सारखं उठता?" मी त्यांच्या गुडघ्यांच्या काळजीने बोलले होते. पण त्या दिवसापासून त्यांनी बटणांना हात लावणं सोडलं. ज्या गोष्टीला त्या जन्मभर संसार राखणं समजत आल्या, ती मी एका वाक्यात बिनकामाची ठरवली होती. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

मुलगा मात्र वाद घालायला बसला. "दिवसा आपण वीज देतो, रात्री परत घेतो. हिशेब बरोबर. कुणाचं काय बिघडलं?"

हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल, म्हणून जरा थांबते. आमच्या मीटरवर दिलेली आणि घेतलेली वीज एकमेकांतून वजा होते. याला नेट मीटरिंग म्हणतात. पण वजाबाकी कागदावर होते. दुपारी दिलेली वीज रात्रीसाठी कुठे साठवून ठेवलेली नसते, ती त्याच क्षणी शेजारच्या कुणाच्या तरी घरात वापरून संपते. मुलाला मी म्हटलं, समज, दुपारी मी शेजारी वाटीभर साखर देते. तेव्हा सगळ्यांच्याच वाट्या भरलेल्या असतात. आणि रात्री सगळ्यांच्या घरी एकदम पाहुणे आले की मी वाटी परत मागायला जाते. वाट्यांचा हिशेब बरोबर असेल, पण रात्री ती साखर कुणाला तरी नव्याने आणावी लागते.

ती येते मुख्यतः कोळशातून. २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-गॅसशिवायची झाली, ही बातमी तुम्ही वाचली असेल. अभिमानाचीच बातमी आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. सूर्य मावळला की पॅनलची क्षमता कागदावरच राहते. प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून बरीच जास्त अजूनही कोळशाची आहे. मुलाच्या खोलीतला रात्रीचा एसी आमच्या धाब्यावर चालत नव्हता, कुठल्यातरी औष्णिक केंद्रावर चालत होता.

आणखी एक प्रश्न त्याच सुमारास समोर आला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मासींनी धाबं झाडताना पॅनलकडे बघून विचारलं, "बेन, हे पत्र्यावर बसतं का?" त्या भाड्याच्या एका खोलीत राहतात, वर पत्रा. मीटर घरमालकाच्या नावावर, आणि मालक युनिटमागे स्वतःचा दर लावतो. मी काय उत्तर देणार? अनुदान मिळवायचं तर छप्पर आपलं लागतं आणि मीटर आपल्या नावाचं. सगळ्यात जास्त तापतं ते त्यांचं घर, आणि त्यांच्या एका पंख्याचा युनिट माझ्या एसीच्या युनिटपेक्षा महाग.

मी योजनेच्या विरोधात नाही. माझ्या घराला तिचा फायदाच झालाय. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठीही वाट आहे. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. दिल्लीसारख्या काही ठिकाणी तर पॅनल एकीकडे आणि त्याचा फायदा दुसरीकडच्या मीटरला, असेही नियम आहेत. हीच वाट मासींच्या खोलीपर्यंत गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. माझ्या अनुदानात त्यांच्याही कराचा वाटा आहे. काडेपेटीपासून साबणापर्यंत कर त्याही भरतातच. ते पैसे मी मुलाच्या गोधडीसाठी घालवणं मला पटेना.

मग आम्ही काय केलं? मोठं असं काहीच नाही. एसी चोवीस-पंचवीसवर आणि सोबत पंखा. तापमान एक अंश वाढवलं की एसीची साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २०२० पासून तर नवे एसी सुरू होतानाच चोवीसवर लागतात, खाली आणतो ते आपणच. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, इस्त्री, जमेल ते सगळं सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये. दोन जुने पंचाहत्तर वॅटचे पंखे काढून तीस-पस्तीस वॅटचे बीएलडीसी पंखे लावले. पॅनल आठवड्यातून एकदा सकाळी गार असताना पाण्याने धुतो, ते काम मुलाचं.

तुमच्याकडे सोलर नसलं तरी दुपारची ही सवय उपयोगी पडेल. दिवसा उन्हाच्या वेळेत वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीत महाग, असे दर ठरवण्याचा नियम केंद्राने २०२३ मध्ये केला आहे. स्मार्ट मीटर लागतील तसा तो घरोघरी पोहोचेल.

आणि मी सासूबाईंकडे गेले. म्हटलं, "आई, बटणांचं खातं पुन्हा तुम्ही सांभाळा. आमच्याच्याने होत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि गुडघे?" मी म्हटलं, "तुम्ही नुसती हाक मारा, उठू आम्ही." आता दिवसातून दहा वेळा हाक येते, "पंखा कुणासाठी चालू आहे?" मुलगा कुरकुरतो, पण उठतो.

जून-जुलैचं बिल एकशे ऐंशी रुपये आलं. पावसाळी ढग होते, तरीही. मला जरा हळहळ वाटली, शून्य थोडक्यात हुकलं. सासूबाईंनी चश्मा लावून बिल नीट वाचलं आणि म्हणाल्या, "असू दे गं. थोडं तरी भरावं लागलं की लक्ष राहतं."

ते बिल मी ग्रुपवर टाकलं नाही. फ्रिजवर चिकटवलंय, मागच्या दोन हजार तीनशेच्या शेजारी. तुमचं मागचं बिल कुठे आहे? काढून बघा. किती रुपये ते असू दे, गेल्या वर्षी याच महिन्यात किती युनिट होते आणि आता किती आहेत, एवढंच बघा.