बावीस... चोवीस

परवा ऑफिसमध्ये एक नवीन जॉइन झालेली मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या डेस्कपाशी आली. "टेबलमध्ये बावीसनंतर डायरेक्ट चोवीस दिसतोय. तेवीस नंबरचा रेकॉर्ड कुठे गेला?"

मी म्हटलं, "कुणीतरी डिलीट केला असेल. एकदा गेलेला नंबर डेटाबेस सहसा परत वापरत नाही."

तिचं समाधान झालं. माझं मात्र झालं नाही. हिंजवडीहून घरी येईपर्यंत दीड तास ट्रॅफिकमध्ये तेच डोक्यात. कारण आमच्या दहावीच्या हजेरीतसुद्धा बावीसनंतर चोवीस यायचा. आणि चोवीस नंबर म्हणजे मी.

तर झालं असं, की बाबा वीज खात्यात होते आणि २००९ च्या जूनमध्ये त्यांची बदली बीड जिल्ह्यात पाटोद्याला झाली. मी तेव्हा सातवीत. नगरच्या शाळेतून उचलून एकदम या नव्या हायस्कुलात. सातवी ते दहावी, चार वर्षं, एकच तुकडी, वर्गात एकसष्ट पोरं. त्यातली शेवटची वीस नावं मुलींची. आडनावाप्रमाणे नंबर आणि नंबराप्रमाणे बाक, त्यामुळे चारही वर्षं माझ्या शेजारी एकच मुलगा बसला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तेवीस म्हणू.

पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे आणि माझ्या नव्या दप्तराकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "नगरचा व्हय? मंग बस." झाली ओळख.

तेवीस नंबरचं गणित जबरदस्त होतं. मी पायऱ्या पाठ करणारा, तो उत्तर आधी सांगून मग पायऱ्या शोधणारा. पण दिवाळी आली की तो गायब व्हायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं आजारी असेल. मग कळलं की वर्गातली सात-आठ पोरं अशीच गायब होतात. आई-बाप ऊसतोडीला जातात, कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर येतो, त्यात भांडीकुंडी, शेळी, म्हातारी, पोरं सगळं भरतात आणि गाव निम्मं रिकामं होतं. परत यायचे ते मार्च-एप्रिलात. मग तेवीस माझ्या वह्या घेऊन जायचा आणि आठ-दहा दिवसांत पाच महिन्यांचा अभ्यास उरकायचा. मला जाम राग यायचा. मी पाच महिने रोज शाळेत येऊन जे शिकलो, ते हा पठ्ठ्या आठवड्यात करतो म्हणजे काय!

२ एप्रिल २०११ ची वर्ल्ड कपची फायनल आठवते? त्या शनिवारी सकाळपासून अर्धा वर्ग आमच्या घरी चकरा मारत होता. मला भेटायला नाही, बाबांना विचारायला. "काका, आज लाईट जाणार न्हाई ना?" तेवीस नुकताच परत आला होता. रात्री आमच्याच घरात खाली सतरंजीवर बसून त्याने मॅच पाहिली. धोनीने षटकार मारला आणि आम्ही टाळ्या द्यायला हात पुढे केले, तेव्हा त्याचा तळवा माझ्या हाताला लागला. खरखरीत, उसाच्या पाचटाने चिरलेला. तेव्हा तो आठवीत होता.

आठवीपर्यंत हे सगळं चालून गेलं. दुपारी शाळेत खिचडी मिळायची, आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाल्यापासून आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम होता. नववीत दोन्ही गोष्टी एकदम बंद. खिचडी आठवीपर्यंतच, नियमही आठवीपर्यंतच. नववीच्या जूनमध्ये आमच्या वर्गातले काही नंबर कमी झाले होते. आम्हाला त्याचं फार काही वाटलं नाही. पुढचा बाक मिळाला म्हणून एक-दोघं खूशच झाले. तेवीस मात्र नववीतून कसाबसा वर आला.

आणि मग दहावी. २०१२ चं साल. मराठवाड्यातल्या लोकांना ते वर्ष वेगळं सांगायला नको. पाऊस नाही, टँकरची वाट, आष्टी-पाटोद्याकडे जनावरांच्या छावण्या. दसरा झाला आणि एका सोमवारी वर्गशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. मी मॉनिटर होतो. म्हणाले, "बोर्डाचे फॉर्म चाललेत. तेवीस नंबर चार दिवस आला नाही. त्याच्या वस्तीवर जा. सही करायला ये म्हणावं आणि दोन फोटो आण म्हणावं. फीचं मी बघतो. ह्या पोराची दहावी झाली पाहिजे."

वस्ती साडेचार किलोमीटरवर होती. मी "हो सर" म्हटलं.

सोमवारी माझी सायकल पंक्चर होती. हे खरं आहे. पण पंक्चर काढायला दहा मिनिटं लागतात. मंगळवारी क्लास होता. बुधवारी, गुरुवारी काय होतं ते मला आज आठवतसुद्धा नाही, म्हणजे काहीच नसणार. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी असंही होतं, की गणितात तो नसेल तर पहिला मीच. हे वाक्य लिहायला मला बारा-तेरा वर्षं लागली.

रविवारी गेलो. घराला कुलूप. अंगणात फक्त त्याची आजी, शेळीला पाला टाकत बसलेली. "काल रातीच गेले रं सगळे," म्हणाली. मग आत चुलीमागे ठेवल्यासारखी कुठूनतरी माझी भूमितीची वही काढून आणली, तिला घराची किल्ली कनवटीला होतीच. "तुझी हाय म्हनला. देऊन टाक म्हनला."

घरी येऊन वही उघडली. चक्रीय चौकोनाच्या प्रमेयात मी 'संमुख कोन परस्परांचे कोटिकोन' असं लिहिलं होतं. त्याने पेन्सिलीने हलकेच खोडून वर लिहिलं होतं, 'पूरककोन'.

सोमवारी सरांनी विचारलं. मी म्हणालो, "सर, मी गेलो त्याच दिवशी गेलो होतो. घराला कुलूप होतं."

सर जानेवारीपर्यंत त्याचा नंबर पुकारत राहिले. "तेवीस..." मग थोडं थांबायचे, मान वर करायचे, मग "चोवीस". मी "हजर सर". जानेवारीत कधीतरी त्यांनी थांबणं सोडलं. बावीस, चोवीस. हजर सर.

असो.

मे २०२३ मध्ये आमच्या बॅचला दहा वर्षं झाली म्हणून शाळेत स्नेहमेळावा ठेवला. फेटे, बॅनर, पुरीभाजी, सगळं साग्रसंगीत. मुली अकराच आल्या, बाकीच्यांचे नंबरच कुणाकडे नव्हते. कुणीतरी म्हणालं, मॉनिटर हजेरी घेईल! मला अजून पाठ होती. एक, दोन, तीन... प्रत्येक जण "हजर" ओरडतोय, हशा चाललाय. बावीस म्हटलं आणि माझी जीभ आपोआप चोवीसवर गेली.

मागून आवाज आला, "ए लेका, मी हाय की."

तो दाराशी उभा होता. मालवाहू पिकअप त्याची स्वतःची, भाडं टाकून उशिरा आला होता. जेवणानंतर आम्ही ग्राउंडवरच्या लिंबाखाली बसलो आणि मी त्याला सगळं सांगितलं. सोमवार ते रविवार. सरांना काय सांगितलं तेही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उचल दसऱ्याच्या आधीच घेतली होती रे. त्या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालतं, पैसे तव्हाच संपलेले. माझा अर्धा कोयता धरला होता मुकादमाने. जावंच लागनार होतं."

मी विचारलं, "पण मी सोमवारीच आलो असतो तर?"

"तर सही केली असती." जरा थांबून म्हणाला, "मार्चात परीक्षेला येऊ दिलं असतं का, ते काय सांगता येत न्हाई. पण सही केली असती."

मला त्याने माफ करून टाकावं असं वाटत होतं. त्याने ते केलं नाही, रागावलाही नाही. जे होतं ते सांगितलं. तेवढ्यात सर आले. आता रिटायर झालेत. माझ्या पाठीवर हात ठेवून त्याला म्हणाले, "हा आपला पुण्याचा इंजिनियर!" तो हसला. "व्हय सर, हुशार होताच." मी काहीच बोललो नाही. दुसऱ्यांदा.

निघताना मी त्याला सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल सांगितलं, की बाहेरून दहावी देता येते, मी मदत करतो. तो म्हणाला, "बघू. आधी पोरीचं बघतो. पहिलीत चाललीय औंदा. आता ऊसतोडीला कोन जातंय, दिवाळीनंतरबी शाळेतच राहील ती."

सरांचा नंबर माझ्याकडे आहे. गेली दोन वर्षं दर दिवाळीला शुभेच्छा पाठवतो, त्यांचा हात जोडलेला इमोजी येतो. मूळ गोष्ट सांगायची राहिलेली आहे. आज शनिवार. हे लिहिताना ठरवलं होतं, उद्या सकाळी निवांत फोन करू.

पण उद्या रविवार आहे. तेव्हा आत्ताच करतो.