मुठीतलं मीठ

आमच्या कुंभारीत मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास गेला की वडील सोलापुरातून बर्फ आणायचे. सायकलच्या कॅरियरला बांधलेला, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेला. अक्कलकोट रस्त्याने घरी पोचेपर्यंत बराचसा पाझरून गेलेला असे. उरलेला फोडून आइस्क्रीमच्या लाकडी पॉटात भरायचा, त्यावर खडेमीठ पसरायचं आणि दांडा फिरवत बसायचं. मीठ पडलं की बर्फ भराभर वितळे, आणि तरी आतला डबा इतका गार पडे की ओलं बोट त्याला चिकटे. वितळणारा बर्फ जास्त गार कसा होतो, असं मी वडिलांना विचारलं होतं. "मिठानं बर्फाला वितळायची घाई होते, आणि वितळायला लागणारी ऊब तो दुधातनं ओढून घेतो," ते म्हणाले. पुढे अभियांत्रिकीच्या पुस्तकांतही मला याहून सोपं उत्तर सापडलं नाही.

गेली सतरा वर्षं मी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात रस्त्यांच्या हिवाळी देखभालीचं काम करते. कोणत्या रात्री, कोणत्या रस्त्यावर, काय आणि किती टाकायचं हे ठरवणं, हा माझा व्यवसाय. त्या पॉटातली गोष्ट इथे मैलोन् मैल चालते. फरक इतकाच की इथे ऊब दुधातून न येता रस्त्यातून यावी लागते, आणि रस्त्यातच ऊब नसेल तर मीठ नुसतं पडून राहतं.

मिठाचं पाणी २३.३ टक्क्यांचं केलं तर ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. पोत्यांवर असेच मोठे आकडे छापलेले असतात आणि माणसं त्यांवर विश्वास ठेवतात. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या भांड्याचा आहे. रस्त्यावरचा हिशेब वेगळा पडतो: उणे १ अंशाला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवतं, उणे ७ ला जेमतेम साडेआठ किलो, उणे १२ ला पाच किलोसुद्धा नाही, आणि तेही तासन् तास घेऊन. म्हणून उणे १० च्या खाली मी साधं मीठ टाकू देत नाही. हा अंश हवेचा नव्हे, डांबराचा. दिवसभर ऊन खाल्लेला रस्ता हवेपेक्षा उबदार असू शकतो आणि पुलाला खालूनही वारा लागत असल्याने तो सगळ्यांच्या आधी गोठतो. त्यामुळे आमच्या गाड्यांवर रस्त्याचं तापमान मोजणारी यंत्रं असतात.

थंडी वाढली की कॅल्शियम क्लोराईड. ते पाण्यात पडताच स्वतः तापतं, चुनकळी तापते तसं, आणि उणे २५ लाही कामाला येतं. महाग पडतं, हातमोज्यांशिवाय हाताळू नये, आणि जरा जास्त झालं तर फरशी बुळबुळीत करतं. मॅग्नेशियम क्लोराईड या दोघांच्या मधलं. युरियाही विकतात, आपण उसाला देतो तोच. तो उणे चार-पाचच्या खाली फारसा चालत नाही आणि त्याचा नत्र वाहून तळ्यात शेवाळ माजवतो. तो मी कुणालाच सुचवत नाही. विमानतळांवर पोटॅशियम ॲसिटेट वापरतात, कारण क्लोराईड विमानाचा धातू खातं. आणि कडाक्याच्या थंडीत सगळ्यांत भरवशाची असते ती वाळू. ती बर्फाला वितळवत नाही, पायाला पकड देते.

सोलापूरच्या माणसाला आवडेल असंही एक द्रव्य आहे. शुगर बीटपासून साखर काढल्यावर उरणारा चिकट रस मिठाच्या पाण्यात मिसळतात. त्याने मीठ रस्त्याला धरून राहतं आणि लोखंड थोडं कमी गंजतं. पहिल्यांदा ते पिंप उघडलं तेव्हा गाळप हंगामातल्या कारखान्याबाहेरचा मळीचा वास आला आणि मी क्षणभर तिथेच थांबले. कोरडं मीठ गाडीतून पडताना उसळून सुमारे ३० टक्के रस्त्याबाहेर जातं. ओलं केलं तर जवळजवळ सगळं जागेवर राहतं. माझ्या मते ही एक सुधारणा बाकी सगळ्या नव्या उत्पादनांपेक्षा मोलाची आहे.

कारण टाकलेलं मीठ कुठेही जात नाही. ते कुजत नाही, उडून जात नाही. उसाला पाटाचं पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली जमीन आपल्याकडे ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एक चमचा मीठ सुमारे १९ लिटर गोड्या पाण्यातल्या जीवांना बाधक ठरतं. कॅनडात दरवर्षी सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं. इथल्या केंद्र सरकारने २००१ साली ते पर्यावरणाला विषारी ठरवलं, २००४ साली वापराची संहिता आणली. बंदी घातली नाही, घालताही येणार नाही, कारण निसरड्या रस्त्यावर माणसं मरतात. पण मिठानेही माणसं मरतात. एलियट लेक या गावातल्या मॉलच्या छतावर वाहनतळ होता. ते छत वर्षानुवर्षं गळत राहिलं, खारं पाणी पोलादाच्या जोडात मुरलं, आणि २३ जून २०१२ रोजी छत कोसळून दोन स्त्रिया गेल्या. ऐन उन्हाळ्यात.

नव्याने इथे आलेली आपली मराठी कुटुंबं पहिल्या हिवाळ्यात मला फोन करून विचारतात, "ताई, कुठलं मीठ घेऊ?" मी आधी फावडं कसलं घेतलंत ते विचारते. मिठाने सगळा बर्फ वितळवायचा नसतो. बर्फाने फरशीला धरलेली मूठ तेवढी सोडवायची, मग तो खरवडून काढायचा. हिम ताजं असताना ओढून घेतलं तर पुष्कळदा मीठ लागतच नाही. लागलंच तर सहा मीटरच्या गाडीवाटेला कॉफीचा एक मोठा मग पुरतो. खड्यांमध्ये दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात फक्त वाळू.

आई एका संक्रांतीला आली होती, सोलापूरची गड्ड्याची यात्रा सोडून. तेव्हा मीही दारात मुठीने मीठ फेकत असे. कामावर ग्रॅम मोजणारी मी, घरी घाईत असायची. ती दारातून ओरडली, "अगं, मीठ असं पायदळी टाकतीस व्हय? वर गेल्यावर पापण्यांनी येचाय लागतंय!" दोन दिवसांनी ऊन पडलं, फरशी सुकली आणि कडेला पांढरे खडे दिसू लागले. तिने माझा कोट चढवला, झाडू मागितला आणि सगळे खडे सुपलीत भरून पुन्हा बादलीत टाकले. पुढच्या हिमाला आम्ही तेच वापरलं.