वेशीबाहेरचं घर

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या एका शेतघरी पोचलो, तेव्हा घरामागच्या उतारावर जाळ्या अंथरून ऑलिव्हची तोडणी चालू होती. पोज्जिबोन्सी गाव तिथून चार किलोमीटर. दहा दिवस मुक्काम इथेच करायचा, सकाळी एखादं जुनं शहर गाठायचं आणि दिवेलागणीला परतायचं, असा बेत होता. शहरातलं हॉटेल सोडून रानात कशाला राहायचं, असं घरच्यांनी विचारलं होतं. माझं माहेर कोल्हापूरजवळच्या उसाच्या गावातलं. शेतावर राहिलं की त्या मुलखाची नाडी कळते, एवढंच उत्तर माझ्याजवळ होतं.

इटलीत अशा घराला आग्रितुरिझ्मो म्हणतात. शेतकऱ्याने पाहुणे ठेवावेत, पण मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे, अशी अट 1985 सालच्या कायद्यापासून आहे. आमच्या मालकीण सिन्योराबाईंकडे पाहुण्यांसाठी चारच खोल्या होत्या. बाई दिवसभर झाडाखाली असायच्या आणि संध्याकाळी त्याच हातांनी आम्हाला जेवायला वाढायच्या.

ऑलिव्हची झाडं मला पहिल्याच दिवशी वेगळी वाटली. एका बुंध्याऐवजी एकाच जागेतून तीन-तीन, चार-चार खोडं वर आलेली. बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत कारण सांगितलं. 1985 च्या जानेवारीत इतकी कडाक्याची थंडी पडली की तोस्कानातली बहुतेक ऑलिव्हची झाडं जळाली. लोकांनी ती जमिनीलगत कापली आणि मुळातून जे फुटवे आले, ते जपले. आज दिसतात ती त्या फुटव्यांची झाडं. मला आमच्या उसाचा खोडवा आठवला. वरचं गेलं तरी मूळ धरून बसायचं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पहिली फेरी सिएनाची. आगगाडीने अर्धा तास. स्टेशन खाली आणि शहर डोंगरावर, म्हणून सरकत्या जिन्यांची रांगच्या रांग चढून वेशीपाशी जायचं. पियात्सा देल काम्पो हा चौक शिंपल्यासारखा मध्याकडे उतरत जातो. विटांच्या फरसबंदीचे नऊ भाग आहेत, कारण 1287 ते 1355 या काळात शहराचा कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे होता. हे नऊ जण जिथे बसत, त्या दालनाच्या भिंतींवर आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने 1338-39 साली चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचे परिणाम रंगवले आहेत.

त्या चित्रासमोर मी तासभर उभी होते. डावीकडे शहर. गवंडी परांचीवर चढून भिंत बांधताहेत, दुकानं उघडी आहेत, रस्त्यात नाच रंगला आहे. उजवीकडे शेतं. कापणी आणि मळणी चालली आहे. या दोहोंच्या मध्ये वेस, आणि वेस सताड उघडी. एक माणूस डुक्कर हाकत चढण चढून शहराकडे निघाला आहे, लादलेली जनावरं आत येताहेत, घोड्यावर बसलेले श्रीमंत शिकारीला बाहेर पडताहेत. समोरच्या भिंतीवर वाईट राज्य आहे, तिथे शेतं उजाड आहेत. राज्य कसं आहे ते शेतात बघा आणि वेशीत बघा, असं चित्रकाराने कारभाऱ्यांना त्यांच्याच बैठकीत सांगून ठेवलं होतं. मी सकाळी त्याच रानातून आले होते आणि संध्याकाळी तिथेच परतणार होते, म्हणून मला ते चित्र इतकं भिडलं असावं.

तिथून थोडं चढून गेलं की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मुख्य चर्च, आणि बाजूला एक प्रचंड भिंत एकटीच उभी. सिएनाला हे चर्च कितीतरी मोठं करायचं होतं. 1339 साली काम सुरू झालं आणि 1348 च्या प्लेगने ते मोडून पडलं. लोरेन्झेत्तीही त्याच साथीत गेला असं मानतात. पुढे 1555 साली सिएना शरण गेलं, मग फ्लॉरेन्सच्या ताब्यात आलं, आणि ती भिंत तशीच राहिली.

सान जिमिन्यानो पोज्जिबोन्सीहून बसने पंचवीस मिनिटांवर. एके काळी इथे 72 मनोरे होते असं सांगतात, आज 14 आहेत. प्लेगने गाव खचलं, 1353 साली ते फ्लॉरेन्सच्या अमलाखाली गेलं, आणि पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. गरिबीने मनोरे राखले. तिथे सकाळी लवकर जावं. अकरानंतर गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते.

व्होल्तेराला मात्र एका दगडी कमानीखाली बसून राहावंसं वाटलं. पोर्ता आल्लार्को ही एत्रुस्कन वेस दोन हजार वर्षांहून जुनी. वर तीन दगडी मुखं, झिजून नाकडोळे गेलेली. 1944 च्या जूनअखेर दोस्तांचं सैन्य जवळ आलं, तेव्हा जर्मन फौज ही वेस उडवून रस्ता बंद करणार होती. गावकऱ्यांनी रस्त्यातली फरसबंदी उखडली आणि एका दिवसात त्या दगडांनी स्वतःच वेस बुजवली. रस्ता बंद झाला आणि वेस वाचली. सिएनातल्या चित्रातली वेस मला इथे हाताला लागली. मी त्या दगडावर तळवा टेकवला तेव्हा तो उन्हाने कोमट झाला होता.

त्या संध्याकाळी बाईंनी आम्हाला ऑलिव्हच्या क्रेटांबरोबर घाण्यावर नेलं. ते अगदी आमचं गुऱ्हाळ! आसपासचे शेतकरी आपापला माल घेऊन नंबर लावून बसलेले, गप्पा, धडधडणारं यंत्र, आणि सगळ्यांचं लक्ष एका नळीकडे. ऊस तोडल्यावर जसा लगेच गाळावा लागतो, तसंच ऑलिव्हचं. उशीर झाला की वास बिघडतो. नळीतून हिरवंगार, गढूळ तेल पडायला लागलं तसे बाईंनी हात जोडल्यासारखे छातीशी धरले. घरी येऊन बिनमिठाचा पाव निखाऱ्यावर भाजला, त्यावर लसूण घासला आणि तेल ओतलं. घशात मिऱ्यासारखा ठसका लागला. ताज्या तेलाची खूण तीच, असं त्या म्हणाल्या.

फ्लॉरेन्स मी शेवटी ठेवलं होतं. ब्रुनेलेस्कीचा 1436 साली पुरा झालेला घुमट आम्ही 463 पायऱ्या चढून पाहिला, आणि दुपारी जिथे फारसे प्रवासी जात नाहीत तिथे गेलो. काशिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, एक छत्री आहे. छत्रीत रंगीत अर्धपुतळा आहे, फेटा आणि दागिने ल्यालेला. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडचा प्रवास आटोपून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी ते फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची तिथे प्रथा नव्हती, तरी नगराने खास परवानगी दिली आणि नदीकाठी हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. 1874 साली हे स्मारक उभं राहिलं. छत्रीची रचना चार्ल्स मँट यांची, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याची रचना केली.

लहानपणापासून मी त्या राजवाड्यासमोरून गेले आहे. पंचगंगेच्या घाटावरच्या समाध्या मला पाठ आहेत. प्रयाग चिखलीच्या संगमावर आजीबरोबर मी अंघोळ केली आहे. सात समुद्रांपलीकडे आपल्या माणसांनी महाराजांसाठी संगमच शोधला, हे त्या काठावर उभं राहिल्यावर कळलं. सिन्योराबाईंनी सकाळी बागेतल्या पिवळ्या शेवंतीची चार फुलं बांधून दिली होती. ती छत्रीच्या पायरीवर ठेवली. वर मोठा पूल आहे, त्यावरून गाड्या जात होत्या. त्या पुलाचं नावही या स्मारकावरूनच पडलं आहे.

अंधार पडायच्या आत आम्ही परतीची गाडी धरली. शेतघराच्या खिडकीत दिवा होता आणि जाळ्या गुंडाळून ठेवल्या होत्या.

तुम्ही इटलीला जाणार असाल तर एवढंच सांगते. दहा शहरं दहा रात्रींत उरकू नका. एका शेतावर राहा, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात जा, शेवटच्या बसची वेळ आधी विचारून ठेवा, कारण रविवारी बस फार कमी असतात. भाड्याची गाडी घेतलीत तर ती वेशीबाहेरच लावा, जुन्या शहरांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि दंड घरपोच येतो. आणि फ्लॉरेन्सला गेलात तर अर्धा दिवस काशिनेसाठी ठेवा. जाताना चार फुलं न्या.