रिकाम्या बाटल्या, मल्चिंग पेपर आणि चुलीचं पेटवण

टोमॅटोचा शेवटचा तोडा झाला, बांबू-तार निघाली, प्लॉट मोकळे व्हायला लागले. आमच्या जुन्नर भागात हे दिवस आले की संध्याकाळी बांधाबांधावर काळा धूर दिसतो. पाचट किंवा गवत जळतं तेव्हा धूर पांढरट असतो. काळा धूर म्हणजे प्लास्टिक. मल्चिंग पेपर, औषधाच्या बाटल्या, पुड्या, बांधणीची प्लास्टिक सुतळी, सगळं एका ढिगात.

एकरात किती प्लास्टिक असतं याचा हिशेब मी कागदावर मांडला. पाच फुटांवर बेड धरले तर एकरात साधारण २,६५० मीटर बेड बसतात. चार फुटी, २५ मायक्रॉनचा पेपर धरला तर वजन येतं ७०-७५ किलो. हे नुसत्या पेपरचं. ठिबक, सुतळी, बाटल्या वेगळ्या. एवढं प्लास्टिक आपण एका पिकाला रानात नेतो आणि चार महिन्यांनी काडी लावतो, नाहीतर रोटर मारून मातीत मिसळतो. रोटर मारणं तर जाळण्याइतकंच वाईट, कारण एकदा तुकडे झाले की ते रानातून वेचणं माणसाच्या हातचं राहत नाही. पुढं कांद्याची रोपं लावताना बायकांच्या हाताला तेच तुकडे लागतात, आणि चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात ते वेगळंच.

पेपर अख्खा काढायचा तर आधी झाडं बुडातून कापायची, लॅटरल गोळा करायची, मग रान वाफशावर आलं की कडेची माती मोकळी करून दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा. ओल्या रानात काढला तर पेपराबरोबर माती येते, वजन डबल होतं आणि भंगारवाला तोंड फिरवतो. काढता काढता जुन्या पाइपावर गुंडाळायचा आणि माती झटकायची. पातळ, स्वस्तातला पेपर घेतला असेल तर तो चिंध्याच होऊन येतो. म्हणून आम्ही आता २५ च्या खालचा घेतच नाही. रोलमागं वाचलेले पैसे शेवटी मजुरीत जातात.

आता घरातली गोष्ट. गॅस घरोघरी आलाय, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. आणि पावसाळ्यात चूल पेटवायला बहुतेक घरांत प्लास्टिकच वापरतात. दुधाची पिशवी, खताच्या गोणीच्या आतला कागद, कधी औषधाची पुडीसुद्धा. मी हा विषय घरात काढला तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, ओलं लाकूड काय भाषणानं पेटतंय का? तुम्ही पेटवून दाखवा."

बरोबरच होतं त्यांचं. धुराजवळ बसणारी बाई, बऱ्याचदा शेजारी पोर, आणि सल्ला द्यायला आपण ओट्यावर. पावसाच्या आधी तुराट्या आणि दाणे काढलेली मक्याची कणसं दोन गोण्या भरून पडवीत टांगली. पेटवण कोरडं आणि हाताशी मिळालं, तेव्हा प्लास्टिक आपोआप बंद झालं. (टोमॅटोच्या मोडक्या बांबूच्या चिपा मात्र यात घालू नका. त्यावर चार महिने औषध बसलेलं असतं.)

सगळ्यात अवघड निघाली ती औषधाची बाटली. पलीकडच्या वस्तीवर एका गोठ्यात पाच लिटरचा औषधाचा कॅन मधोमध कापून पेंड मोजायला ठेवलेला मी पाहिला. कॅन मजबूत, फुकटचा, टाकवत नाही. तात्यांना म्हटलं, "तात्या, त्यावरचा त्रिकोण बघितला का?" लेबलवरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तात्या म्हणाले, "चांगला राखेनं घासलाय की." पण औषध प्लास्टिकच्या अंगात मुरतं, राखेनं काय निघणार? त्यांना आम्ही पत्र्याचा डबा नेऊन दिला, मगच तो कॅन गोठ्यातून हलला.

बाटली रिकामी झाली की तिथल्या तिथं तीनदा धुवायची. चौथा हिस्सा पाणी घालायचं, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं आणि ते पाणी फवारणीच्या ड्रममध्येच ओतायचं. दाटसर औषध तळाला आणि खांद्याला चिकटून राहतं, त्याचे आपण पैसे मोजलेले असतात. नंतर धुवू म्हटलं की ते वाळून बसतं. आमच्याकडं औषध कालवतो धाकटा भाऊ, आणि त्याला लेक्चरचा भयंकर कंटाळा. म्हणून ड्रमच्या स्टँडलाच एक गोणी बांधली आणि सुतळीनं एक मोठा खिळा लटकवला. धुतली, खिळ्यानं बुडाला भोक पाडलं, गोणीत टाकली. भोक पडलेल्या बाटलीत कोणी रॉकेल भरत नाही की गोडं तेल आणत नाही. दोन-तीन फवारण्यांनंतर त्याला सांगावं लागलं नाही.

हे एवढं करायचं कारण आमचा ओढा. त्याच्या काठावर गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. काठाकाठाचे प्लॉटवाले तिथंच पंप भरतात, तिथंच धुतात, बाटली काठावर सोडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळं खाली वाहून येतं. यावर पाच-सहा जणांनी बसून एवढंच ठरवलं: पंप ओढ्यात बुडवायचा नाही, पाणी वेगळ्या बादलीनं आणायचं, आणि पंप धुतलेलं पाणी आपल्याच पिकाच्या कडेच्या ओळीवर मारायचं. सगळे पाळतात असं नाही. पण ओढ्यात पंप धुणाऱ्याला आता हटकणारा कोणीतरी असतो.

गोण्या भरल्या, आता द्यायच्या कुठं? ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत नाही टाकल्या, कारण तिथला कचरा दोन बाया हातानं निवडतात. भंगारवाल्यालाही नाही, तो वितळवून कशाचं काय करेल सांगता येत नाही. कीटकनाशक नियम १९७१ मध्ये नियम ४४ आहे. तो म्हणतो की रिकामी वेष्टनं उघड्यावर ठेवायची नाहीत, मोडून वस्तीपासून लांब पुरायची. उघड्यावर टाकण्यापेक्षा ते कधीही बरं, पण पुरलेलं प्लास्टिक कुजत नाही आणि आमच्याकडं मुरूम लागतो, खालून पाणी पाझरतं. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत उत्पादकांवर वेष्टनाची जबाबदारी टाकली आहे. तेच धरून आम्ही दुकानदाराकडं गेलो. तो म्हणाला, "आम्ही औषध विकतो, भंगार घेत नाय." आठजण एकत्र जाऊन बसलो तेव्हा त्यानं कंपनीच्या माणसाला फोन लावला. पोरगा आला, गोण्यांचे फोटो काढून गेला. गाडी अजून आलेली नाही. गोण्या पंपाच्या खोलीत कुलुपात आहेत, एकूण सात.

कोणाच्या तालुक्यात बाटल्या परत घेण्याची सोय खरोखर चालू असेल तर गावाचं नाव आणि काय पद्धत आहे ते खाली लिहा. आणि झटकलेला मल्चिंग पेपर किलोला काय भावानं जातो तेही सांगा, आमच्याकडं पावणेदोन एकराचा गुंडाळून ठेवलाय.