उपकारस्तुतीचा रविवार

माझे एक सहकारी प्राध्यापक दर सोमवारीं न चुकतां मला विचारतात, "काय, काल देवळांत गेलां होतां ना?" मीं होय म्हटलें कीं त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "दर आठवड्यास तेथें जाऊन तुम्ही नवें असें ऐकतां तरी काय?" ह्या प्रश्नाला मीं निरनिराळ्या वेळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत, आणि त्यांतील एकहि माझें मला पटलेलें नाहीं. कारण, प्रांजळपणें सांगावयाचें तर, नवें असें तेथें कांहींच ऐकावयास मिळत नाहीं.

वर्धा हें लहान शहर. त्यांतील आमचें उपासनामंदिरहि लहानच. रविवारीं सकाळीं घंटा होते आणि माणसें आपापल्या ठरलेल्या बाकांवर येऊन बसतात. बाकांवर कोणाचीं नांवें लिहिलेलीं नाहींत. परंतु खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एखादा पाहुणा चुकून बसला तर सारी मंडळी अस्वस्थ होते, इतकी ती जागा एका वृद्ध परिचारिकाबाईंची होऊन गेली आहे. गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश, दान, आशीर्वाद हा क्रम मला इतका पाठ आहे कीं, मध्येंच डुलकी लागून जागा झालों तरी काय चाललें आहे आणि काय उरलें आहे हें मला तत्काळ कळतें. उपदेश चालू असतां पाळकसाहेबांच्या वाक्यांतील लिंगवचनाच्या चुका मोजण्याची एक वाईट खोडहि मला आहे. पंचवीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्याचा तो परिणाम असावा. उपासना संपली कीं दाराशीं एकमेकांस सलाम करावयाचा, कोणाच्या घरीं ताप आहे, कोणाची मुलगी पुण्याहून आली आहे ह्याची विचारपूस करावयाची, आणि घरीं जाऊन जेवावयाचें. वर्षाच्या बावन्न रविवारांपैकीं बहुतेक असे जातात.

ह्या उपासनेचें वय आमच्या शहराच्या वयाहून फारसें वेगळें नाहीं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आला, आणि १८६३ सालीं टाकळघाटाजवळ पूर आलेल्या ओढ्यांत बुडून वारला. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८६६ सालीं, पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं वर्धा शहर वसलें. मिशनऱ्यांनीं आणलेल्या गीतांच्या चाली स्कॉटलंडच्या होत्या आणि शब्द तेवढे मराठी. पुढें १८९५ सालीं ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनीं खास मराठी वळणाचीं भजनें लिहिलीं, आणि आमच्या जिभेला आपलें घर सांपडलें. आजहि एकाच उपासनेंत एक गीत परदेशी चालीवर होतें आणि दुसऱ्याला तबला लागतो; त्यांत कोणाला विसंगति वाटत नाहीं. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालें, त्या सोहळ्यास माझे वडील गेले होते. मी तेव्हां पाळण्यांत होतों. तेथें काय पाहिलें असें पुढें विचारलें कीं ते एवढेंच सांगत, "गर्दी फार होती, पण गीत एकच होतें."

वर्षांतला एक रविवार मात्र ह्या ठराविक क्रमाला अपवाद असतो. तो उपकारस्तुतीचा. दिवाळी आटोपून सोयाबीन घरांत आलें, कपाशीचा पहिला वेचा झाला, म्हणजे त्याची घोषणा होते. ही प्रथा पाहिली तर फार जुनी. जमिनीच्या पहिल्या उत्पन्नाचें टोपलें भरून देवापुढें न्यावें, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत आहे. तिला आजच्या हंगामी सणाचें रूप १८४३ सालीं कॉर्नवॉलमधील मॉर्वेन्स्टो गांवचा पाळक रॉबर्ट हॉकर ह्यानें दिलें असें मानितात. परंतु ती आमच्याकडे आली तेव्हां तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला असेल असें मला वाटत नाहीं. ज्या मुलखांत पोळ्याला बैलाची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशीं तान्ह्या पोळ्याला लहान मुलें लांकडी बैल घेऊन दारोदार जातात, त्या मुलखाला उपकार मानावयास कॉर्नवॉलच्या पाळकानें काय शिकवावें?

त्या दिवशीं वेदीसमोर ज्वारीचीं कणसें, तुरीच्या हिरव्या फांद्या, आर्वी-कारंजाकडचीं संत्रीं, कोहळीं, वांगीं, गुळाच्या ढेपा, अंडीं आणि पाय बांधलेली एखादी संतप्त कोंबडी अशी मोठी गर्दी होते. ज्यांना शेत नाहीं ते केक करून आणतात. उपासनेनंतर अंगणांत ह्या सर्व वस्तूंचा लिलाव होतो. त्यांत बाजारभावाला कोणी विचारीत नाहीं. कोहळें पांचशें रुपयांस जातें; अंडें विकत घेणारा तेंच अंडें पुन्हां अर्पण करतो, आणि एका वर्षीं तर एकाच अंड्यानें तीनदां विकलें जाऊन कोंबडीहून अधिक रक्कम मिळविली होती. मंडळीचा खजिनदार ह्या नात्यानें कोणी काय आणलें, कोणी घेतलें आणि केवढ्यास, हें वहींत लिहिण्याचें काम कित्येक वर्षें माझ्याकडे आहे.

मला जें सांगावयाचें आहे तें २०१७ सालचें. त्या वर्षीं विदर्भांत गुलाबी बोंडअळीनें कहर केला. ज्या बीटी बियाण्याला बोंडअळी लागणार नाहीं म्हणून शेतकऱ्यांनीं महागाचीं पाकिटें घेतलीं, त्याच कपाशीचीं बोंडें आंतून पोखरून निघालीं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत तर फवारणी करतांना विषबाधा होऊन माणसें दगावलीं. आमचें वडिलार्जित शेत माझा धाकटा भाऊ पाहतो. तें कोरडवाहू आहे, आणि त्या वर्षीं सगळें कपाशीखालीं होतें. उपकारस्तुतीच्या आदल्या संध्याकाळीं मी त्याच्या घरीं गेलों, तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "उद्यां मी येणार नाहीं. कशाचे आभार मानूं?"

वाचकहो, अशा वेळीं शहाण्या माणसानें गप्प बसावें. पण माझा पेशा पडला बोलण्याचा. मीं त्याला इतिहास सांगितला. १६२१ सालीं अमेरिकेंत प्लिमथच्या वसाहतवाल्यांनीं जो प्रसिद्ध आभारोत्सव केला, त्याच्या आधींच्या हिवाळ्यांत त्यांचीं निम्मीं माणसें मेलीं होतीं. लिंकननें सर्व राष्ट्रासाठीं उपकारस्तुतीचा दिवस जाहीर केला तो १८६३ सालीं, यादवी युद्ध ऐन भरांत असतां. एवढ्यावर न थांबतां मीं असेंहि सांगितलें कीं, त्याच युद्धामुळें अमेरिकेचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि आमच्या वर्धा-हिंगणघाटाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. थोडक्यांत, उपकारस्तुति ही सुबत्तेची नसून संकटांतली आहे, असा माझा सिद्धान्त होता, आणि तो मीं चांगला मांडला असें मला त्या क्षणीं वाटलें.

भावानें सगळें ऐकून घेतलें. मग तो म्हणाला, "दादा, तुझा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. तुझी उपकारस्तुति ओलिताची आहे. आमची कोरडवाहू."

मी घरीं परत आलों. ह्या वाक्याला उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं पाळकसाहेबांनीं उपदेशासाठीं हबक्कूक संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय घेतला होता. झाडें, वेली, शेतें आणि गोठे सारें रितें झालें तरी मी देवाच्या ठायीं आनंद करीन, असें तो म्हणतो. वर्षाला साजेसाच उपदेश होता. परंतु मी त्या दिवशीं लिंगवचनहि मोजलें नाहीं, कीं अर्थहि ऐकला नाहीं. पुढच्या बाकांवर बसलेले आम्ही बहुतेक पगारदार, निवृत्तिवेतनवाले, दुकानदार, ओलिताखालचीं माणसें. हबक्कूकाचे शब्द आमच्या तोंडीं किती स्वस्त आहेत, हेंच मला पुनःपुन्हां वाटत राहिलें.

लिलावाच्या वेळीं सेलूकडच्या एका खेड्यांतून येणारी एक विधवा शेतकरीण माझ्या मेजापाशीं आली. तिचें दोन एकरांचें वावर आहे. तिनें एक गांठोडें मेजावर ठेवलें व सोडलें. आंत कापूस होता. पण पिवळट, डागाळलेला, किडक्या बोंडांतून ओढून काढलेला. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. मीं वहींत लिहिलें : 'कापूस, साडेतीन किलो.'

"काय लिवलं, सर?" तिनें विचारलें.

"कापूस."

"कवडी लिवा. देवाले मालूम हाय."

मीं 'कापूस' खोडून 'कवडी' लिहिलें. लिलाव पुकारणाऱ्या तरुणानें गांठोडें उचललें, आणि त्याची नेहमींची थट्टामस्करी एकाएकीं थांबली. कोणाला काय बोलावें तें सुचेना. तेव्हां पुढें बसलेल्या एका सज्जनांनीं दयाळूपणें हांक दिली, "दोन हजार!" कांहींनीं टाळ्या वाजविल्या. ती बाई वळून म्हणाली, "नाई साहेब. कवडीचा जो भाव हाय तोच लावा. जे आलं थे आनलं."

आवाजांत राग नव्हता, दैन्यहि नव्हतें. चुकीचा हिशेब दुरुस्त करून घ्यावा तसें ती बोलली. शेवटीं त्या आठवड्यांत बाजारांत कवडीला जो भाव मिळत होता त्या भावानें मींच तें गांठोडें घेतलें. रक्कम शंभर रुपयांच्या आंतच होती. त्या दिवशींच्या यादींत एवढीच एक नोंद खऱ्या किंमतीची आहे.

घरीं आल्यावर मीं हबक्कूकाचा तो अध्याय पुन्हां काढून वाचला, आणि आजवर कधीं ध्यानांत न आलेली एक गोष्ट दिसली. त्यानें आनंदाचा शब्द उच्चारण्यापूर्वीं नुकसानीची यादी दिली आहे. एक एक पीक, एक एक जनावर नांव घेऊन लिहिलें आहे. 'कवडी'ला 'कापूस' म्हटलेलें नाहीं. मीं भावाला प्लिमथची गोष्ट सांगितली तेव्हां मेलेल्या माणसांचा उपयोग एका सिद्धान्ताचा पुरावा म्हणून केला होता. त्या बाईनें कोणताच सिद्धान्त मांडला नाहीं. आपलें बुडालेलें पीक तिनें त्याच्या खऱ्या नांवानें आणि खऱ्या भावानें देवापुढें ठेवलें. उपकारस्तुति ही चांगल्या पिकाची पावती असती तर तिला त्या दिवशीं यावयाचें कारण नव्हतें. आणि ती संकट झांकण्याची रीत असती तर तिनें दोन हजार घेऊं दिले असते.

आमच्या ह्याच गांवीं मगनवाडींत १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें काम जे. सी. कुमारप्पा ह्यांनीं वर्षानुवर्षें केलें. ते ख्रिस्ती होते, आणि अर्थशास्त्रज्ञहि होते. वस्तूची किंमत पैशांत पुरती मोजतां येत नाहीं. ती कोणाच्या हातून आणि कशा परिस्थितींत निर्माण झाली ह्याचें नैतिक मोल तिच्याबरोबर येतच असतें, असें ते सांगत. मीं हें विद्यार्थिदशेंत वाचलें होतें व परीक्षेंत लिहिलेंहि होतें. तें समजावयाला साडेतीन किलो कवडी विकत घ्यावी लागली.

त्या संध्याकाळीं भाऊ आमच्याकडे आला. ओसरीवरचें गांठोडें त्यानें पाहिलें, चिमूटभर कापूस काढून बोटांत धरून धागा ओढून पाहिला, आणि विचारलें, "कवडी आहे. कोणाची?" मीं सांगितलें. ह्या खेपेस त्याहून एक शब्द अधिक बोललों नाहीं. तोहि कांहीं बोलला नाहीं. कापूस परत गांठोड्यांत ठेवून त्यानें गांठ मात्र नीट बांधली.

पुढचा रविवार नेहमींसारखाच होता. तीच घंटा, तोच क्रम, तिसऱ्या बाकावर त्याच परिचारिकाबाई. दुसरें गीत चालू असतां मला मागें दार वाजल्यासारखें वाटलें. माझा भाऊ येऊन शेवटच्या बाकावर बसला होता. सर्व उभे राहिले तेव्हां तोहि उभा राहिला. पण त्याचे ओठ हालत नव्हते. त्याला गाण्याचा आग्रह कोणी केला नाहीं. गीत त्याच्या वांचूनहि चाललें होतें आणि त्याच्याभोंवतींहि चाललें होतें. तो उभा असेपर्यंत तें त्याचेंहि होतें असें मला वाटलें. ज्याला आभार मानतां येत नाहींत त्यानें कोठें जावें, ह्याचें उत्तर उपकारस्तुतीच्या रविवारापाशीं नसतें. तें अशा साध्या, नांव नसलेल्या रविवारापाशीं असतें.

सोमवारीं सहकाऱ्यांनीं नेहमींप्रमाणें विचारलें, "मग, काल नवें काय ऐकलें?"

"कांहीं नाहीं," मीं म्हटलें. "भाऊ आला होता."