वाढत्या अंगाचं

मंडळाच्या अंकासाठी दिवाळीवर काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मला हसूच आलं. माझी 2025 ची दिवाळी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर, एका कापड दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर गेली. लहान मुलांचा विभाग. फराळाचं विचाराल तर चकली कमी आणि वडापाव जास्त. पण तेच लिही म्हणाले, म्हणून लिहिते.

मी इंदूरची. एम.कॉम.साठी पुण्यात आले आणि फीचा एक हप्ता आपण भरायचा असं ठरवून दुकानात लागले. दसऱ्याच्या आधीच जिन्यापाशी कागद चिकटला होता : भाऊबीजेपर्यंत कुणालाही रजा मिळणार नाही. आई म्हणाली, "बघ गं, जमलं तर." बाबा काही बोलले नाहीत. आजीला मात्र मी घरी न येण्यापेक्षा दुसरंच दुःख होतं. आमच्या घरात होळकरांच्या काळापासून सगळे नोकरदार. कचेरी, शाळा, बँक, वीज मंडळ. गल्ल्यावर कुणी बसलं नाही, मग काउंटरमागे उभं राहणं दूरच. शेजारी विचारलं की आजी सांगायची, "कापडाच्या कंपनीत आहे." कंपनी म्हटलं की कसं, पुढचे प्रश्न येत नाहीत!

आता काम काय असतं ते सांगते. मुलांच्या कपड्यांना नंबर असतात, 16, 18, 20, 22 असे दोन-दोनने चढणारे. कुठला नंबर कुठल्या वयाला, हे आम्ही सांगतोच, पण त्यावर विश्वास ठेवणारी आई मला अजून भेटायची आहे. मुलाला पाठमोरं उभं करायचं, सदरा पाठीला लावायचा, खांद्याची शिवण जुळते का पाहायचं. तोवर मुलगा पळालेला असतो. सगळं बरोबर बसलं की मग हमखास वाक्य येतं, "वाढत्या अंगाचं दाखवा ना." म्हणजे एक नंबर मोठा. यंदाच्या दिवाळीला ढगळ, लग्नसराईत अगदी मापाचा, आणि नंतर धाकट्याला. पहिल्या आठवड्यात मी मापाचंच घ्या म्हणून पटवत बसायचे. पुढे कळलं, त्या माणसांचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का आहे.

यंदा आणखी एक भर होती. 22 सप्टेंबरपासून जीएसटी बदलला. हजाराच्या वर आणि अडीच हजारापर्यंतच्या कपड्यांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला, आणि अडीच हजाराच्या वरच्यांवरचा 18 झाला. लोकांनी ऐकलेलं फक्त "कमी झाला". त्यामुळे जरीकाठाचा महागातला परकर-पोलका निवडला की बिलाच्या वेळी वाद ठरलेला. एम.कॉम.चा उपयोग तेवढा तिथे झाला.

आणि उभं राहणं. सकाळी साडेदहा ते रात्री दहा, मध्ये जेवणाची अर्धी तास. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, बसलेली मुलगी वाईट दिसते म्हणे. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. केरळात त्यासाठी कापड दुकानांतल्या बायकांनीच आवाज उठवला होता. हे मी वाचलं ते रात्री खोलीवर, गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून. तुम्ही दुकानात गेलात आणि एखादी मुलगी खोक्यावर टेकलेली दिसली, तर तिला टेकू द्या.

19 तारखेचा रविवार म्हणजे कहर होता. त्या गर्दीत एक आजोबा आले. नातवासाठी कुर्ता हवा होता. नंबर माहीत नाही, वय सहा की सात याचीही खात्री नाही. मुलगा लांब असतो म्हणाले, नातू दोन वर्षांत पाहिलेला नाही. मग हाताने कमरेच्या वर दाखवलं, "एवढा असेल." थोडं थांबून हात चार बोटं वर नेला. मी तिथल्याच एका मुलाला त्याच्या आईला विचारून त्यांच्यापुढे उभं केलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "याच्याहून थोडा बारीक."

ते गेल्यावर मला आमचा चिकू आठवला. माझा भाचा. दिवसाला शंभर मुलांची मापं नजरेने सांगणारी मी, त्याचा नंबर सांगू शकले नसते. मी निघाले तेव्हा तो 18 चा होता. रात्री वहिनीला फोन केला. ती म्हणाली, 22 आण, 20 आता पोटावर घट्ट होतो. चौदा महिन्यांत! कुर्ता कुरियरने पाठवला, तो पाडव्याला पोचला.

लक्ष्मीपूजनाची गंमतच झाली. इंदुरात बाजाराने, गल्लीने 20 तारखेलाच फटाके उडवले, आणि आमच्याकडच्या मराठी पंचांगात पूजन 21 ला. पुण्यातही 21 लाच. त्यामुळे निदान घरची पूजा आणि दुकानाची पूजा एकाच संध्याकाळी आली. दुकानात गल्ल्याची, संगणकाची आणि नव्या केरसुणीची पूजा झाली, लाह्या-बत्तासे वाटले, आणि मालकांनी आम्हा सगळ्यांना खाली बसवून स्वतः पेढे दिले. घरी आईने फोन देवापुढे धरला होता, पण मला दिसत होता तो फक्त समईचा पिवळा डाग आणि दादाचा अंगठा.

भाऊबीजेला अर्धा दिवस दुकान होतं. दुपारी ट्रॅव्हल्स पकडली असती तर मध्यरात्रीनंतर घरी, आणि दुसऱ्या दिवशी बदलून द्यायच्या कपड्यांची रांग. तिकीट नेहमीच्या तिप्पट. गेले नाही. दादाला फोनवरूनच ओवाळलं. तो म्हणाला, "ओवाळणी तुला आल्यावरच देईन, पाठवणार नाही." अजून बाकी आहे.

डिसेंबरात आजीचा फोन आला. एरवी ती दुपारी कधी करत नाही, म्हणून मी घाबरूनच उचलला. तर पलीकडे शेजारच्या काकूंचा आवाजही येत होता. आजी विचारत होती, "काय गं, तुमच्या दुकानात शिवलेली नऊवारी मिळते ना लहान मुलींची? हिच्या नातीला हवीय, मुंजीत घालायला. मी म्हटलं, आमची नात दुकानातच आहे, तिला विचारते. सहा पूर्ण आहेत तिला. कितीचा नंबर?"

मी म्हटलं, "अंगाने कशी आहे?"

"बारीक. पण वाढत्या अंगाचंच बघ हो."