वऱ्हाडातून माद्रिदला

अमरावती

प्रिय सखे,

पत्र पोचलं. लेकाच्या तोंडून ‘स्पॅनियार्ड’ ऐकून शेजारीण नाराज झाली, तेव्हा ही शिवी आहे का, असं तू विचारलंस. मुळीच नाही. एका माणसाला ‘स्पॅनियार्ड’ आणि सगळ्यांना मिळून ‘स्पॅनिश’ म्हणायचं, असा इंग्रजीचा रिवाज आहे.

खटकतो तो शेवटचा ‘आर्ड’. रोमनांच्या ‘हिस्पानिया’चं जुन्या फ्रेंचमध्ये जे रूप झालं, त्याला हा प्रत्यय लागला आणि मध्ययुगात शब्द इंग्रजीत शिरला. ‘ड्रंकार्ड’ म्हणजे दारुडा आणि ‘कॉवर्ड’ म्हणजे भित्रा, यांतही तोच आहे. पण मुळात त्याचा अर्थ कणखर, धीट. ‘रिचर्ड’ नि ‘बर्नार्ड’ या नावांतही तो आहेच. उलट ‘डेगो’ बघ. ‘दिएगो’ या साध्या नावावरून निघाला आणि स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन माणसांना हिणवायची शिवी झाला. तो मात्र पोराच्या तोंडी बसू देऊ नकोस. मूळ चांगलं म्हणून शब्द चांगला राहतोच असं नाही.

आपल्या ‘वऱ्हाडी’चंच घे ना. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या मुलखाचं जुनं नाव ‘वरदातट’, म्हणजे वर्धेचा काठ, असं दिलं. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, म्हणून लोक तिच्या लग्नाच्या वऱ्हाडाशी नाव जोडतात. फारसी लिखाणात ‘बेरार’ होतं, तेच इंग्रजांनी पुढे चालवलं. यातलं खरं कुठलंही असो, वसतिगृहात आपलं ‘काहून’ ऐकून मुली ‘वऱ्हाडी गं!’ म्हणून हसायच्या, तेव्हा तो शब्द बोचायचा. अकोल्याच्या स्टँडवर एखादी आजी पिशवी मांडीवर घेऊन सरकते आणि ‘बस वं माय, वऱ्हाडातलीच ना तू?’ म्हणते, तेव्हा त्याच शब्दाने जीव सुखावतो.

शब्दाची कुळकथा जरूर शोधावी. मला तिची फार ओढ आहे. पण त्याचा मान ठरतो तो बोलणाऱ्याच्या सुरावर आणि ऐकणाऱ्याच्या अनुभवावर. म्हणून शेजारणीला व्युत्पत्ती पटवत बसू नकोस. तिला ‘एस्पान्योला’ म्हटलेलं आवडतं का, ते विचार, आणि लेकालाही तेच म्हणायला शिकव.

तिकडची खबरबात कळव.

तुझीच,
मैत्रीण